दडणपथकातल्या मुलाला स्थळ

माझा भाचा दौलत लष्कराच्या दडणपथकात गेल्यापासून कुणालाच दिसत नाही. शत्रूच्या नाकासमोर बसून पाळत ठेवायची, हे त्याचं काम. रजेवरही दिसायची परवानगी नाही. दिसला की भटारखान्यात बदली, तीही कायमची. न्हाणीघरातला टॉवेल ओला दिसला, की दौलत घरी आलाय असं आम्ही धरतो.

अशा मुलाचं लग्न जमवायचं म्हणजे नाकी नऊ हो! तरी फलटणहून भोइटे अण्णा मुलीला, रोहिणीला, घेऊन आले.

"मुलगा कुठाय?" अण्णांनी विचारलं.

"हा काय, समोर बसलाय," ताई, म्हणजे दौलतची आई, म्हणाली.

अण्णांनी सोफा न्याहाळला, पडदा हलवून पाहिला. "चालण्यात काही दोष?"

"छे! दौलत, चालून दाखव रे." आम्ही सगळे थोडा वेळ फरशीकडे बघत बसलो. "चालला," ताई म्हणाली.

"मला नाही दिसला."

"त्यातच तर तो पथकात पहिला आलाय."

अण्णा उखडले. "न दिसणाऱ्या जावयाला मी मुलगी देणार नाही! चार लोकांत काय दाखवू?" ताईचा चेहरा पडला. आधीची सगळी स्थळं इथंच मोडली होती.

रोहिणी मात्र सोफ्याच्या डाव्या कोपऱ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होती. "पोरांना दोन शब्द बोलू द्या की," मी म्हणाले आणि मोठ्यांना ओसरीवर नेलं.

परत आत आलो, तर रोहिणीही दिसेना. चपला दारातच होत्या. अण्णांनी कपाट उघडलं, सोफ्याखाली वाकून पाहिलं, घामाघूम झाले.

"रोहिणे, पुरे झाली थट्टा! तुझ्या आईला काय सांगू मी?" त्यांनी रिकाम्या खोलीला हात जोडले. "बरं बाई, दिली तुला त्याला. आता तरी दिस!"

"आता कशी दिसू, अण्णा?" सोफ्यावरून आवाज आला. "मी दिसले तर शेजारी हेही सापडतील. मग यांना भटारखान्यात धाडतील ना?"

अण्णांना ते पटलं. डोळे पुसून ते म्हणाले, "मग मोठ्यांना नमस्कार तरी करा."

बांगड्या वाजल्या. ताईच्या पायांना आधी एक हात लागला, मग दुसरा. तिने अंदाजाने दोन्ही हात पुढे केले, आणि ते बरोबर दोन डोक्यांवर पडले.