सबनिसांनी शोधलेलं वटवाघूळ

सबनीस मला न्युरेम्बर्गला पहिल्यांदा भेटले, तेव्हा नाव विचारण्याआधी म्हणाले, "आ करा पाहू." मी गोंधळून तोंड उघडलं. "अक्कलदाढ यायचीय अजून," असं पुटपुटून त्यांनी मग हात मिळवला.

युद्ध संपून दहा-बारा वर्षं झाली होती. मी कारखान्यात शिकाऊ इंजिनियर, ते एका छोट्या संग्रहालयात नोकरीला. आमच्या खोल्या समोरासमोर. अमेरिकेच्या उष्ण जंगलांतली फळं खाणारी वटवाघळं जातवार लावायची, हे त्यांचं काम. अमेरिका त्यांनी पाहिली नव्हती. स्पिरिटच्या बाटल्या आणि सुपारीएवढ्या कवट्या पाहिल्या होत्या.

"तोंडावरचे पांढरे पट्टे फसवतात हो. दाढ फसवत नाही. गेनाऊ!" 'अगदी बरोबर' म्हणायचं झालं की ते हा जर्मन शब्द वापरत.

घरमालकिणीने एकदा कौतुकाने केक पुढे केला. तिच्या हसऱ्या तोंडात डोकावून हे म्हणाले, "तुम्ही फळं खाणाऱ्यांतल्या नव्हे." तिने महिनाभर बोलणं टाकलं.

एका जातीच्या म्हणून ठेवलेल्या कवट्यांत दोन जाती आहेत, यावर ते संग्रहालयाच्या प्रमुख प्रोफेसरांशी नऊ वर्षं भांडले. शेवटी प्रोफेसरांनी स्वतः दाढा मोजल्या आणि त्यांना पटलं. निबंध छापून आला. वर नाव एकट्या प्रोफेसरांचं. सबनिसांचे आभार तळटीपेत, कवट्या स्वच्छ केल्याबद्दल.

"निदान नव्या जातीचं नाव तरी तुम्ही ठेवलंत ना?" मी विचारलं.

"लॅटिन वळणाने 'मथुराए' लिहून दिलं होतं. ते म्हणाले, मथुरा हिंदुस्तानात, जनावर अमेरिकेतलं. खोडलं, आणि स्वतःच्या बायकोचं नाव घातलं."

"पण खरंच, मथुरेचा काय संबंध?" मी हसलो.

ते चष्मा पुसत राहिले. "मथुरा माझी बायको. दोन वर्षांत येतो म्हणून निघालो होतो. ती गेल्याचं पत्र बोटीने आलं, तोवर तिचं तेरावंही उरकलं होतं."

"मग सांगितलं का नाहीत त्यांना?"

"सांगितलं असतं तर ठेवलंही असतं त्यांनी. कीव येऊन. तसं नको होतं मला."

त्याच आठवड्यात त्या नव्या जातीच्या कवट्यांच्या डब्यांसाठी चिठ्ठ्या लिहायच्या निघाल्या. संग्रहालयात अक्षर सबनिसांचंच सुरेख, म्हणून काम त्यांच्याकडे आलं. रविवारी दुपारी मी डोकावलो, तर पलंगभर चिठ्ठ्या वाळत होत्या. प्रत्येकीवर प्रोफेसरांच्या बायकोचं नाव, टाकाने, सावकाश काढलेलं. एकीवरही शाईचा डाग नव्हता.