वाचणारा समोर नसतो

हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसालाही परबकाका चिठ्ठी लिहीत. माझं टेबल त्यांच्या टेबलाला चिकटून होतं. तरी चहा आला की माझ्यासमोर घडी घातलेला कागद सरके. ‘चि. सतीश यास अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. चहा आला आहे. निवत आहे. सवडीने घ्यावा. कळावे.’ मी घडी उलगडून वाचेपर्यंत चहा खरोखरच निवलेला असे.

मुलुंडला डोंगराच्या अंगाला आमचा गाळा होता. साल पंच्याऐंशी-शहाऐंशी असेल. शेठचा मूळ धंदा टीव्हीचे स्टॅबिलायझर बनवण्याचा. पण कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं की विलायतेतली पोरं घरच्या टीव्हीवर खेळ खेळतात आणि ते खेळ कुणीतरी बनवावे लागतात. झालं. दोन छोटे कॉम्प्युटर आले, त्यांना जुने टीव्ही जोडले गेले आणि डिप्लोमा करून चपला झिजवत फिरणारा मी एका रात्रीत प्रोग्रॅमर झालो. घाटकोपरला घरी आईने चाळभर पेढे वाटले. मी नक्की काय करतो हे तिला सांगता येत नव्हतं. खरं तर मलाही येत नव्हतं.

प्रोग्रॅम साध्या गाण्याच्या कॅसेटवर ठेवायचा. तो मशीनमध्ये परत चढवायला पाच-सहा मिनिटं लागत आणि तेवढा वेळ टेप एका सुरात चिरकत राही. ती मिनिटं मला फार आवडायची. काही करता यायचं नाही. खिडकीतून डोंगर दिसे, त्यावर दुपारचं ऊन पेंगत असे आणि टीव्हीच्या काचेवर निळ्या-पिवळ्या रेघा थरथरत असत. मी अर्धा जागा, अर्धा झोपेत असायचो. शेजारी परबकाकांचा टाक कागदावर कुरकुरत असे. हो, टाकच. बॉलपेनने लिहिलेलं त्यांना लिहिलेलं वाटतच नसे.

काका मूळचे मालवणकडचे. गिरणीच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहायला होते. संपानंतर गिरणी उघडलीच नाही, तेव्हा आमच्याकडे कारकून म्हणून आले. भांडुपला गाववाल्यांच्या खोलीत राहत. बायको गावी. गिरणीत असताना त्यांचा खरा मान होता तो पत्रं लिहिण्यात. ज्यांना लिहिता येत नसे ते सगळे रविवारी त्यांच्यापुढे रांग लावून बसत, आणि काका त्यांची सुखदुःखं पोस्टकार्डावर बसवत. त्या कामाचे त्यांचे कायदे होते. वाईट बातमी कधी पहिल्या ओळीत घालायची नाही. पत्र लिहून झालं की सांगणाऱ्याला एकदा वाचून दाखवायचं आणि तिसऱ्या कुणाच्या नजरेला पडू द्यायचं नाही. आणि सगळ्यांत वरचा कायदा ते दिवसातून दहादा ऐकवत, “वाचणारो समोर नसता, झिला.”

स्टॅबिलायझरच्या खोक्यावरची सूचनासुद्धा ते याच कायद्याने लिहीत. ‘बटण दाबावे’ एवढ्यावर त्यांचं भागत नसे. कुठलं बटण, ते कसं दिसतं, दाबल्यावर काय आवाज येईल आणि तो ऐकून घाबरू नये, हे सगळं त्यात असे. खोकं लहान पडे. शेठ डोक्याला हात लावत.

माझी गाडी अडली ती या लिहिण्यावरच. विलायतेतला एक व्यापारी आमचे खेळ घ्यायला तयार होता. पण कॅसेट पाठवली तर ती कस्टममध्ये महिनोन्महिने अडकायची. म्हणून त्याने अट घातली, की आधी खेळाचं लेखी वर्णन पाठवा, पसंत पडलं तर पुढे बघू. मी पहिल्या खेळाचं वर्णन पाठवलं. उत्तर आलं, यात खेळणाऱ्याने काय करायचं ते कळत नाही. दुसऱ्याचंही तेच. शेठनी मला बोलावून शांतपणे सांगितलं की तिसरं परत आलं तर हे कॉम्प्युटर विकून टाकणार आणि मी दुसऱ्याच दिवसापासून स्टॅबिलायझरच्या बाकावर कॉइल गुंडाळायला बसायचं. मला आईने वाटलेले पेढे आठवले.

तिसरा खेळ होडीचा होता. होडी समुद्रातून किनाऱ्याकडे येते, खडक चुकवायचे, अंधार पडायच्या आत पोचायचं. मी लिहिलं होतं, ‘होडी डावीकडे जाते. होडी उजवीकडे जाते. खडक येतात. गुण वाढतात.’ तो कागद मी मान खाली घालून काकांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, आणि त्या दिवशी चिठ्ठी न लिहिता तोंडाने बोलले.

“झिला, ह्या तुका दिसता. त्येका खंय दिसता? त्येच्या हातात मशीन नाय. कागदार दिसाक व्हया.”

मग सुरू झाली उलटतपासणी. होडीत कोण आहे? एकटा का आहे? किती दिवसांनी परत येतोय? मी वैतागून म्हटलं की काका, होडीत कुणी नाही, होडी म्हणजे सोळा ठिपके आहेत. ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. चार दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. खिडकीकडे तोंड करून बसायचे, डोंगराकडे बघायचे, एक ओळ लिहायचे, पुन्हा बघायचे. डोंगराच्या जागी त्यांना समुद्र दिसत असावा. पाचव्या दिवशी इंग्रजीत सात पानं तयार झाली. मी बघायला मागितली, तर त्यांनी भाताच्या शिताने पाकीट चिकटवून टाकलं. सांगणाऱ्याला वाचून दाखवायचं, पण यातला मजकूर त्यांना कुणी सांगितलेलाच नव्हता. पाकीट त्यांनी स्वतः पोस्टात टाकलं आणि मी महिनाभर कॉइलची स्वप्नं बघितली.

उत्तर आलं तेव्हा शेठनी ते सगळ्यांसमोर वाचलं. खेळ पसंत होता. पुढचेही खेळ हवे होते. मात्र वर्णन याच माणसाने लिहावं आणि खेळात सगळं वर्णनाबरहुकूम असावं, विशेषतः किनाऱ्यावर उभी असलेली बाई.

कसली बाई? माझ्या खेळात बाई नव्हती. मी काकांकडे बघितलं. काकांनी टाक पुसायला घेतला होता.

पत्रात लिहिलेलं खोटं ठरू द्यायचं नाही हाही त्यांचा एक कायदा असावा, कारण दुसऱ्या दिवशी ते खुर्ची ओढून माझ्या मशीनजवळ येऊन बसले. मशीनमध्ये जागा जेमतेम उरली होती. आडवे आठ, उभे आठ, एवढ्या ठिपक्यांत मला बाई बसवायची होती. मी तिचा एक हात वर करून हलता दाखवला. काकांनी मान हलवली. ती हात हलवत नाही, म्हणाले. मग डोळ्यांवर हात धरते का? तेही नाही. डाव्या हाताने पदर धरते, कारण तिथे वारा असतो. आणि वाळूत उभी राहत नाही, जरा वरच्या अंगाला, माडाच्या बुंध्याशी राहते, म्हणजे लोकांना वाटावं की दुसऱ्याच कामाला आली आहे.

मी एकेक ठिपका ठेवत गेलो. टीव्हीवर कुणीतरी उभं राहिलं.

मी हळूच विचारलं की काका, हे काकूंना कधी लिहिलंत का. त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली. मग म्हणाले, “तिका वाचूक येणा नाय. माझी पत्रां शाळेतलो मास्तर वाचून दाखवता, ओसरीर, चार लोकांत. त्येच्या तोंडान ह्या कसा सांगू? क्षेम लिवतंय, भात कसो झालो इचारतंय. तीस वर्सां तेवढाच लिवलंय. ह्यो गोरो माणूस तिका वळखणा नाय. म्हणान लिवक गावला.”

गिरणीतल्या सगळ्यांची मनं त्यांनी पोस्टकार्डावर उतरवली होती. स्वतःचं पहिल्यांदा उतरलं ते एका अनोळखी व्यापाऱ्याला, व्हिडिओ गेमच्या वर्णनात.

काकांनी खेळायचं यंत्र कधी हातात धरलं नव्हतं. मी होडी वळवायची दांडी त्यांच्या हातात दिली. होडी निघाली. पहिला खडक चुकला, दुसरा चुकला. तिसऱ्यावर होडी फुटली आणि काळ्या पाण्यात ठिपका ठिपका होऊन विरघळली. माझीच चूक झाल्यासारखं मी म्हटलं की परत सुरू करतो.

काकांनी माझा हात धरून थांबवला. ते टीव्हीच्या कोपऱ्याकडे बघत होते. माडाशी ती तशीच उभी होती.

“होडी बुडली तरी ती थंयच ऱवता?”

मी म्हटलं, हो काका. तिला हलवायला मशीनमध्ये जागाच उरली नाही.

“नको हलवू,” काका म्हणाले. “ती तशीच ऱवता.”