बारा पंचवीसचा मुहूर्त

दामिनीच्या लग्नाचा खरा मुहूर्त फक्त दोघांना ठाऊक होता. एक गुरुजी आणि दुसरे तिचे वडील नत्थुजी चर्जन. मुहूर्त होता दुपारी बारा पंचवीसचा. पत्रिकेत मात्र नत्थुजींनी दहा पंचावन्न छापून घेतला आणि शेंदूरजनाघाटात घरोघर वाटूनही टाकला.

माणूस लबाड नव्हता हो. पण थोरल्या रागिणीच्या लग्नात वरात रस्त्यात नाचत बसली, मुहूर्त टळला आणि दिवेलागणीला अक्षता पडल्या. "नत्थुजीच्या घरी लगनाले जाचं तं घरून जेवून जा," असं गाव अजून म्हणतं. हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं. धाकटीचं लग्न मुहूर्तावर लावायचंच, मग त्यापायी कितीही खोटं बोलावं लागलं तरी बेहत्तर.

लग्नाच्या दिवसाचा सगळा कार्यक्रम त्यांनी कागदावर मांडला आणि बायकोला, सुभद्राबाईंना, वाचून दाखवला. तीस वर्षांचा संसार. बाईंना संशय आलाच.

"मले सातलेच तयार राहा म्हंता, अन् वरात साडेनऊले. मंग अडीच घंटे मी काय मांडवाले टेकू देऊ?"

"तुले सात सांगतलं तवा तू नऊले निंघशीन."

"म्हंजे हा टाइम खोटा हाय?"

"तुयाच खोटा हाय. बाकीचे खरे हायेत."

सुभद्राबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. "मले तं पत्रिकाच खोटी वाटून राहिली."

नत्थुजींनी कागदाची घडी खिशात घातली आणि ते संत्र्याच्या बागेत निघून गेले.

लग्नाच्या दिवशी सकाळी आठला व्याह्यांचा, म्हणजे अकोल्याच्या पंजाबरावांचा फोन आला.

"इवाई, आमी पोचलो."

आपल्याकडे 'पोचलो' म्हणणारा माणूस तेव्हा टॉवेल शोधत असतो, हे नत्थुजी जाणून होते. "कुठपर्यंत पोचले?"

"तुमच्या मंगल कार्यालयापाशी. फाटकाले कुलूप हाय."

"असन, असन. आता मूर्तिजापूर लागन, तिथं च्या घ्या अन् आरामात या," म्हणून नत्थुजींनी फोन ठेवला आणि गालाला साबण लावला.

पंजाबरावांनी कुलपाचा फोटो पाठवला. नत्थुजींनी तो मोठा करकरून पाहिला. कुलूप तर तेच होतं, पण फोटो काय, कोणाकडूनही मागवता येतो. शेवटी सुभद्राबाई किल्ली घेऊन स्वतःच गेल्या आणि पाच मिनिटांत त्यांचा फोन आला. "दोन बस भरून मानसं उभी हायेत इथं. तुमी या बाप्पा लवकर." नत्थुजी अर्धी दाढी तशीच ठेवून धावले.

दहा पंचावन्नला पाहुणे अक्षता मुठीत धरून उभे राहिले. गुरुजींचा पत्ता नाही, नवरी खोलीतून बाहेर नाही. पंजाबरावांनी नत्थुजींना हाताला धरून आचाऱ्याच्या मागे नेलं.

"खरं सांगा इवाई. पोरगी राजी हाय ना?"

नत्थुजींनी घाईघाईने सांगून टाकलं. "राजी हाय जी. मुहूर्तच बारा पंचवीसचा हाय. तुमी उशिरा येसान म्हनून पत्रिकेत आधीचा टाकला."

पंजाबराव आता रागावणार, असं वाटलं. पण त्यांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली घेतला. "मी आमच्या पत्रिकेत साडेआठच छापला. आमच्या मानसायचा मले भरोसा नाई."

मग दोघांनी मिळून गुरुजींची गाडी पंक्चर करून टाकली, म्हणजे तसं सगळ्यांना सांगितलं. नाश्ता दुसऱ्यांदा फिरला. आणि बरोबर बारा पंचवीसला दामिनीच्या गळ्यात हार पडला. नत्थुजींना रडूच आलं. इतका आनंद त्यांना संत्र्याला चांगला भाव मिळाला तेव्हाही झाला नव्हता.

गावातली मंडळी दोनला आली. लग्न काही दोनच्या आत लागत नाही, हे त्यांना जन्मापासून माहीत. येऊन पाहतात तर पंगत बसलेली.

शेजारच्या पुंजारामने विचारलं, "लगन लागलं?"

"हाव. मुहूर्तावर," नत्थुजी छाती काढून म्हणाले.

पुंजाराम त्यांना खालून वर न्याहाळत राहिला. "काय झालं होतं?"

"काई नाई झालं."

"मंग एवढी घाई कावून केली?"

तिकडे गल्लीतल्या पार्बताबाईंनी बायकांत मांडणी सुरू केली. "सकायी नत्थुजी अर्ध्या दाढीनं पयत होते, म्या सोता पायलं. फाटकाले कुलूप होतं. पोराले पयली बायको असन. ते यायच्या आत लगन उरकून घेतलं."

अर्ध्या तासात पहिली बायको पंगतीत फिरली, तिला एक मूल झालं आणि ते मूल शकुनबाईंच्या, म्हणजे नवरदेवाच्या आईच्या कानावर गेलं. शकुनबाईंनी ताट सरकवलं. "आमच्या पोराले असं बोलतेत तं आमी आत्ताच्या आत्ता निंघतो." दामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. मुहूर्त साधला, पण पोरीला सासरी बोल लागणार, आणि तेही लग्न वेळेवर लागलं म्हणून. त्यांनी पंजाबरावांकडे पाहिलं. दोघे फाटकाशी जाऊन उभे राहिले.

तीन वाजता गावातला सूर्यभान सायकल लावून आत आला. "लगन लागलं काय जी?"

"आत्ता लागलं पाहा," नत्थुजी म्हणाले. "बारा पंचवीसचा मुहूर्त होता. लय उशीर झाला, काय सांगू तुले."

"आमची बस बिघडली," पंजाबरावांनी हात जोडले. "चूक आमचीच हाय."

सूर्यभानचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग बराबर हाय," तो म्हणाला. "लगनघरी असंच असते." आणि तो निर्धास्तपणे पंगतीत जाऊन बसला.