एका कॅप्सूलचा पंचनामा

तेलाचा एक थेंबही पोटात जाऊ देणार नाही, अशी मी शपथ घेतली आणि पाळली! शपथा घेणारे गल्लोगल्ली सापडतात. पाळणारा मी एकटाच.

मी लाकडाच्या वखारीत क्रेन चालवतो. वर्षाच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "कोलेस्टेरॉल जरा वाढलंय, तळलेलं कमी करा. पण ड जीवनसत्त्व फारच कमी आहे, नऊ! म्हणून शिडी चढताना पाय लटपटतात. आठवड्याला एक कॅप्सूल, जेवणाबरोबर. आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासू. आकडा वाढला नाही, तर क्रेन बंद, टेबलावर बसायचं."

टेबल म्हणजे आवक-जावक. तिथला मुख्य कारकून माझा साडू! साडूच्या हाताखाली बसण्यापेक्षा मी क्रेनच्या आकड्याला लटकून राहीन.

आता, 'कमी करा' हे घाबरटांसाठी असतं. मी तेल बंदच केलं. बाटली शेजारणीला दिली. लोणी हद्दपार. अंड्याचा बलक म्हणजे पिवळा दरोडेखोर, तो मांजराला. उरली उकडलेली गाजरं. ती मी इतकी खाल्ली, की सशानेही हात जोडले असते.

"अहो, जेवायला बसलोय की कागद चावतोय?" बायको म्हणाली.

"शरीर साफ होतंय!"

"माझ्या टाचांना भेगा पडल्यात!"

"त्यातूनच चरबी बाहेर पडते," मी म्हणालो. अज्ञानी माणसाशी सोप्या भाषेत बोलावं.

आठ आठवड्यांनी रिपोर्ट आला. आठ! नऊवरून आठ! माझं टाळकं सरकलं. औषध घेऊन आकडा उतरतो? म्हणजे माल नकली! रिपोर्ट, उरलेल्या कॅप्सूलचं पाकीट आणि बायको, तिन्ही घेऊन मी औषधवाल्याचं दुकान गाठलं. रांगेत सहा माणसं. बरंच झालं, साक्षीदार आयतेच मिळाले.

"चोर आहात तुम्ही!" मी काउंटरवर मूठ आपटली. "लोकांच्या हाडांवर दुकान चालवता!"

औषधवाला थंड माणूस. त्याने त्याच पाकिटातली एक कॅप्सूल काढली, कात्रीने टोक कापलं आणि काचेवर पिळली. पिवळा थेंब टपकला.

"हे बघा औषध."

"हे तेल आहे!"

"तेलच. औषध त्यातच असतं."

"मला फसवता? ते तर मी दर वेळी काढून टाकायचो!"

औषधवाल्याने चष्मा काढला. "कसं?"

"सुईने टोचून, पिळून. थेंबसुद्धा ठेवला नाही!"

"आणि मग?"

"मग वरचं टरफल गिळायचो. जेवणाबरोबर! एक आठवडा चुकवला नाही!"

रांगेतल्या एका आजीबाई इतक्या हसल्या, की खोकल्याच्या औषधाला आलेल्या त्या खोकायच्या विसरल्या.

"आणि पिळलेलं तेल?" औषधवाल्याने विचारलं.

"ते मी शिलाई मशीनला घातलं," बायको म्हणाली. "वाटीत आयतं ठेवलेलं असायचं. तरीच म्हटलं, हे म्हातारं मशीन एवढं टुणटुणीत कसं पळायला लागलं!"

सहा साक्षीदारांनी माना डोलावल्या.

"काका," औषधवाला म्हणाला, "अ, ड, ई आणि के, ही चौघं पाण्यात विरघळत नाहीत. तेलाचा हात धरल्याशिवाय आतड्याचा उंबरा ओलांडत नाहीत. तुमच्या गाजरांतलं अ जीवनसत्त्वसुद्धा बरंचसं आलं तसं गेलं. थोडं तेल, थोडं लोणी शरीराला लागतंच. पेशींच्या भिंतीसुद्धा त्यावर उभ्या असतात."

"मग पाकिटावर ठळक लिहीत का नाहीत?"

"काय लिहायचं? 'आतलं औषधही गिळा'?"

मी त्याच्याकडे असं पाहिलं, की दुसरा कोणी असता तर दुकान बंद करून पळाला असता. त्याने पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी घेतली.

डॉक्टरांनी आणखी आठ आठवडे दिले, पण तोवर क्रेन बंद. गेले तीन आठवडे मी आवक-जावक टेबलावर आहे. बातमी माझ्याआधीच तिथे पोचली होती. बायकोची बहीण कशासाठी असते!

दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत साडू माझ्या पावाला स्वतःच्या हाताने लोणी लावतो, कॅप्सूल माझ्या तळहातावर ठेवतो आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणतो, "साडूभाऊ, आ करा. जीभ वर. आता खाली. गिळलीत? शाबास!"

मग रजिस्टर उघडतो आणि ठसठशीत अक्षरात लिहितो : 'आवक, कॅप्सूल एक, तेलासह.'

खाली सही मला करावी लागते.