सात जोडी बूट

"नुसते बूट?" जयसिंगरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अहो, शौर्याचं स्मारक ना हे? मग माणूस कुठाय?"

"माणसं पुढे गेलीत," धम्मदीना म्हणाली. "बूट काठावर राहिलेत."

अन्नपूर्णा मंदिराजवळच्या एका कॉलनीच्या बागेत एकाहत्तरच्या लढाईतल्या एका छाप्याचं स्मारक करायचं ठरलं होतं. कारण छाप्यातल्या सात जवानांपैकी एक, धम्मदीनाचे आजोबा नागसेन, कॉलनीतच राहत होते. बाकीचे सहा आता हयात नव्हते. सातही जणांनी रात्री कालव्याच्या काठावर बूट उतरवले होते, आवाज नको म्हणून अनवाणी गेले होते, शत्रूचा दारूगोळा उडवून भलत्याच वाटेनं परतले होते. बूट राहिले तिकडेच. आणि शाबासकी यायच्या आधी वरून कागद आला होता, की सात जोडी सरकारी बूट हरवल्याचं कारण लेखी द्यावं. त्या कागदावर आजोबा पन्नास वर्षांनंतरही तितकेच चिडत.

धम्मदीना शिल्पकार. तिनं महूच्या बाजारातून सात जोडी जुने फौजी बूट आणले, आत प्लास्टर भरलं आणि नमुना तयार केला. समितीचे अध्यक्ष जयसिंगराव मात्र घोड्यावर अडून बसले होते. त्यांचे पणजोबा म्हणे घोडदळात होते.

"घोडा कुठून आणू?" आजोबा म्हणाले. "आम्ही पायदळवाले. खेचरसुद्धा नव्हतं सोबत."

"शोभेला हो, नागसेनजी. पब्लिकला दिसायला पाहिजे ना कुछ."

"शोभेचा असेल तर वरातीत न्या."

नेमका तो वरातीचाच होता. हातोदच्या एका कारागिराकडून जयसिंगरावांनी फायबरचा पांढरा घोडा मागवला होता, डोक्यावर तुरा, गळ्यात घुंगरं. रविवारी दोन्ही नमुने बघून समिती मत देणार होती.

"धम्मे, घोडा बसला तर त्या बागेत मी पाय ठेवणार नाही," आजोबा घरी म्हणाले. "त्या सहा जणांना काय तोंड दाखवू मी?"

"बसू देतेय कोण," धम्मदीना म्हणाली.

रविवारी अकरा वाजता मे महिन्याचं ऊन पेटलेलं. चौथऱ्याभोवती पायाभरणीची गिट्टी पसरलेली. धम्मदीनानं चौथऱ्याच्या पायरीशी चौदा बूट ओळीनं मांडले होते. समितीचे सहा जण आणि आजोबा आले. चौथऱ्यावर चढून दिवा लावायचा, हार घालायचा, म्हणून सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे चपला-बूट पायरीशीच काढले. घोडा सावलीत उभा होता.

"आता दोन मिनिटं मौन," जयसिंगराव म्हणाले.

सातांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. धम्मदीनानंही मिटले. डोळे उघडले तेव्हा पायरी स्वच्छ होती. एकही बूट नाही, एकही चप्पल नाही.

फाटकाशी कॉलनीच्या कचरागाडीवरचा कचरू घाम पुसत उभा होता. गाडी पुढे निघून गेली होती.

"कचरू, इथले बूट कुठायत?" धम्मदीनानं विचारलं.

"गेले ना दीदी, सूख्या कचऱ्यात. अध्यक्ष भाऊसाहेबच सकाळी बोलले, अकरा वाजता चौथऱ्याजवळ जितकी जूती दिसतील, सगळी उचल. मौन चालू होतं म्हणून गाडीचं गाणंबी बंद केलं मी. आता तर कचरा दाबायच्या प्रेसमध्ये दबली पण असतील." मग जरा थांबून म्हणाला, "काही बहुत भारी होते हां."

सगळ्यांच्या नजरा जयसिंगरावांकडे वळल्या. समितीतल्या शैलजाबाईंच्या नव्या कोऱ्या कोल्हापुरी त्या गाडीत होत्या.

"गफलत झाली," जयसिंगराव म्हणाले. "पण आता नमुना एकच उरला. घोड्यावर मत घेऊन टाकू, छावमें चलो सब."

सावली चाळीस पावलांवर, मध्ये तापलेली गिट्टी. जयसिंगरावांनी एक पाऊल टाकलं आणि कळवळून परत चौथऱ्यावर चढले. कोणीच खाली उतरेना. शैलजाबाईंनी पदर डोक्यावर घेतला.

आजोबा शांतपणे खाली उतरले.

"टाच टेकू नका. बोटांवर चला. पुढच्याचं पाऊल जिथं पडलं तिथंच आपलं टाका. आणि तोंडातून आवाज नको."

एकामागोमाग एक समिती निघाली. सगळ्यांत पुढे शहात्तर वर्षांचे आजोबा, शेवटी एका पायावर नाचत जयसिंगराव. धम्मदीनानं रांग मोजली. सात होते. तिला हसू फुटलं आणि डोळेही भरले.

सावलीत पोचल्यावर शैलजाबाई तळवे चोळत म्हणाल्या, "माझं मत बुटांना. दिवसाउजेडी चाळीस पावलं चालताना जीव गेला माझा. हे लोक काय चालले असतील हो."

"माझं पण," समितीतला आणखी एक जण म्हणाला. बघता बघता पाच हात वर झाले. आजोबांनी सहावा केला. जयसिंगराव घोड्याला टेकून उभे होते.

"पण नमुनाच नाही उरला," ते पुटपुटले.

"परत करीन," धम्मदीना म्हणाली. "दहादा टाकलात तरी अकराव्यांदा करीन."

आजोबांनी खिशातून पेन काढलं, मतदानाचा कोरा कागद घेतला आणि दोन्ही जयसिंगरावांपुढे धरले.

"हे कशाला?"

"सात जोडी बूट हरवल्याचं कारण," आजोबा म्हणाले. "लेखी द्यावं लागतं."