आगरच्या चंद्रावतीचे एकशे साठ गुण

जे मोजता येत नाही त्याच्यावर उपाय करता येत नाही, आणि ज्याच्यावर उपाय करता येत नाही ते मुळात नाहीच, असं धरून चालणं कार्यालयांना सोयीचं पडतं. म्हणून २०१६ साली डहाणू आणि तलासरी तालुक्यांत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या कुटुंबांवरचा भार मोजायचं ठरलं, ही गोष्ट स्तुत्यच म्हटली पाहिजे. (कुटुंबाचा रुग्णावर किती भार पडतो, हा विषय पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवला होता.)

भार मोजायचं साधन म्हणजे चाळीस प्रश्नांचा फॉर्म. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण. शून्य म्हणजे त्रास नाही, चार म्हणजे असह्य. तो घेऊन योगिता नावाची मुलगी डहाणूजवळच्या आगर गावी चंद्रावतीच्या अंगणात आली. चंद्रावतीचा धाकटा दीर गणू, म्हणजे ज्याचा भार मोजायचा तो, त्या वेळी बांबूवर बोंबील वाळत घालत होता आणि आपल्याला न दिसणाऱ्या कुणाला तरी जरा गप्प बसायला सांगत होता.

चंद्रावती तीस वर्षं डहाणूच्या बाजारात मासळी विकणारी बाई. आकडा सांगायचा तो चढाच, समोरचा तो पाडणारच, आणि खरं काय ते मध्ये कुठेतरी ठरणार, हे तिच्या हाडीमांसी भिनलेलं. झोपमोड किती होते असं विचारल्यावर ती "चार" म्हणाली आणि वाट बघत बसली. योगिताने चार लिहिले. बाई चपापलीच. पुढच्या प्रश्नालाही चार, तरी घासाघीस नाही! असलं भोळं गिऱ्हाईक तिला जन्मात भेटलं नव्हतं. तिने चाळीसही प्रश्नांना चार लावले आणि वर पोरीला मूठभर बोंबील बांधून दिले.

एकशे साठपैकी एकशे साठ. दोन्ही तालुक्यांत प्रथम. (द्वितीय क्रमांकाला सत्त्याण्णव गुण होते, अंतर लक्षणीय आहे.) महिन्याभरात पत्र आलं. आपला भार शंभराच्या वर गेल्याने तो हलका करणे आवश्यक असून, येत्या सोमवारी रुग्णास दूरच्या संस्थेत कायमचे हलवण्यात येईल, तरी कुटुंबाचे अभिनंदन.

चंद्रावतीने पत्र वाचून घेतलं. मासळीची टोपली तशीच टाकून ती कार्यालयात गेली. आकडा आपण चढा लावला होता, तुमच्या पोरीने तो पाडायला नको होता का, असं तिने साहेबांनाच विचारलं. साहेबांनी शांतपणे समजावलं की नोंदलेला भार कमी होत नाही. फेरमोजणी होते, पण त्याला अर्ज लागतो. तिने अर्ज केला.

शुक्रवारी योगिता पुन्हा आली. या वेळी चंद्रावतीने एकेक आकडा विचार करून सांगितला. गोळ्या थुंकतो, त्याचे दोन. एकदा चालत वीस-पंचवीस किलोमीटर, पार चारोटीपर्यंत गेला होता, त्या दिवसाचे चारच. पण घरात कुणी उपाशी बसलं तर पहिलं त्यालाच कळतं, ते वजा कर म्हणाली. वजाबाकीला फॉर्ममध्ये जागा नव्हती. तरी बेरीज अठ्ठावन्न झाली आणि गणू घरी राहिला. चंद्रावती ढसाढसा रडली. (या रडण्यासाठी स्वतंत्र प्रश्न नाही.)

योगिता उठायला लागली, तर चंद्रावतीने हात धरून खाली बसवलं.

"बाय, एक चार उरलाय. लोक दारातूनच विचारतात, कसा आहे गं तुझा वेडा, आणि मी तोंड उघडायच्या आत पुढे जातात. तो कुठे लिहिणार?"

योगिताने तो समासात लिहिला. समासातलं वाचायची कार्यालयाला सवय नाही, पण नजरचुकीने ते वाचलं गेलं आणि एक्केचाळिसावा प्रश्न तयार झाला: अशा एखाद्या घरात तुम्ही शेवटचं कधी जाऊन बसला होतात? हा प्रश्न त्या कुटुंबांना नाही, बाकीच्यांना विचारायचा आहे. ती मोजणी अजून चालू असून सगळीकडून एकच उत्तर येतंय, की आमच्या ओळखीत असं घरच नाही. आपणही आत्ता मनात तेच म्हणालात. नोंद घेतली आहे.