भाऊंच्या डाव्या चपलेची टाच

आमचे भाऊ ज्या ब्रशानं दात घासतात, त्याच ब्रशानं इंजिनाचा प्लग घासतात. लग्न होऊन आले तवा पहिल्याच सकाळी मी हे बघितलं, आन् आईला फोन लावला, म्हनलं, आई, हितली मानसं पेट्रोलनं तोंड धुत्यात गं. भाऊंनी ऐकलं. म्हनले, "सूनबाई, आदी मी घासतो, मंग म्हातारीचा प्लग. उलटं कदी करत न्हाई. आपल्याला काय रीतभात हाय का न्हाई?"

म्हातारी म्हंजी त्यांच्या होडीचं इंजिन. आन् भाऊ म्हंजी माझे चुलत सासरे. एकटाच जीव, बायकोपोरं न्हाईत. सगळा गाव भाऊ म्हनतो म्हनून मीबी भाऊच म्हनते. नेवाशाच्या पुढं धरनाचा फुगवटा हाय, त्याच्या ह्या काठावर आमचं गाव. पलीकडं जायचं तर भाऊंची होडी, न्हाईतर टेम्पोनं भला मोठा वळसा.

मी जामखेडकडची. आमच्याकडं पानी टँकरमधी असतं, झाकन लावून. हितं बिनझाकनाचं, नजर जाईल तिथवर. लेक झाली, आन् मला पलीकडच्या गावात अंगनवाडीत मदतनिसाचं काम लागलं. म्हंजी रोज पानी. पहिल्या दिवशी म्हातारी अशी सुसाट सुटली, मी लेकीला पोटाशी धरलं, डोळं मिटलं, आन् दुसऱ्या हातानं भाऊंची बंडी धरली ती पलीकडं उतरल्यावरच सोडली. शिवन उसवली हुती. घरी येऊन म्हनलं, मी काम सोडते. सासूबाई म्हनल्या, "सोड की. गावाला हसायला काय तरी पायजेच."

भाऊ ओट्यावर बसून बंडीची शिवन घालत हुते.

आन् दुसऱ्याच दिवसापासनं म्हातारीची ताकद गेली.

गेली म्हंजी गेलीच. आवाज तेवढा फटफट फटफट, आन् होडी आपली गाभन म्हशीवानी. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पन भाऊंनी जी शोधाशोध सुरू केली! प्लग बदलला. पेट्रोल गाळलं, माझ्या ओढनीतनं. पंख्याला शेवाळ गुंडाळलंय म्हनून होडीतनं उलटं लोंबकळले. मंग म्हातारीला अंगनात आनून पान्याच्या ड्रमात उभी केली, टोपनाखाली हात घालून कायतरी चाचपलं आन् सुरू केली. ती अशी डरकाळली की निम्मं पानी सासूबाईंच्या वाळवनावर. लेक टाळ्या वाजवायला लागली.

"बगा!" भाऊ म्हनले. "ड्रमात वाघ, धरनात शेळी. दोष इंजिनात न्हाई. पानी जड झालंय."

शेवटी मीठ-मोहऱ्या उतरवून म्हातारीची दृष्टबी काढली.

नेवाशाचा मिस्त्री आला तर भाऊ इंजिनाच्या टोपनावर बसूनच राह्यले. "ती परपुरुषाला हात लावू देत न्हाई." मिस्त्री चहा पिऊन गेला.

मंग खापर बसनाऱ्यांवर. किराना दुकानदाराला म्हनले, "शेट, पोट आत घेऊन बसा." शेवंताअक्का शेळी घेऊन यायची, तिला म्हनले, "शेळी उभी ठिव. बसली की जड होती."

"भाऊ, पानकोंबडी पुढं गेली बगा," अक्का म्हनायची.

"जाऊ दे की. घाई कुनाला हाय? पान्याला हाय का?"

हे त्यांचं रोजचंच. मानसं कटाळली, टेम्पोनं जायला लागली. शेट गेला, मास्तर गेले. भाऊ रिकाम्या होडीत मला न् लेकीला घेऊन फटफट फटफट. त्यात चालनंबी लंगडं, कारन डाव्या चपलेला टाचच न्हाई. इचारलं तर म्हनले, "उंदरानं खाल्ली."

मंग एके सकाळी लेकीला ताप भरला. अंग तव्यावानी, डोळं वर फिरवायला लागली. मालक कारखान्यावर ड्युटीला. डॉक्टर पलीकडं. मी तशीच पळत होडीत. अर्ध्या पान्यात वारं सुटलं, होडी जागच्या जागी डुलायला लागली, आन् मी वरडले, "भाऊ, जोरात घ्या वो!"

भाऊंनी माझ्याकडं बघितलं. "भिशील."

"न्हाई भीत! घ्या!"

त्यांनी टोपन काढलं, रेसच्या तारंमागं बोट घातलं, आन् काळा रबराचा तुकडा उपसून पान्यात भिरकावला. चपलेची टाच. होडीनं नाक वर केलं आन् सुटली. मी लेकीला धरून किंचाळत हुते, आन् भाऊ माझ्यापरीस मोठ्यांदा, "डोळं मीट! मी हाय! डोळं मीट!"

डॉक्टर म्हनले, बरं झालं लगेच आनली. सुई दिली. दुपारपतोर लेक बिस्कुट मागायला लागली.

परत येताना मी म्हनलं, "भाऊ, टाच उंदरानं खाल्ली हुती ना?"

"उंदीरच की. म्हातारा उंदीर." मंग म्हनले, "सून भित्री म्हनून हळू चालवतो म्हनलो आसतो तर बायांनी तुला जगू दिलं नसतं. त्यापरीस इंजिनाला बोल लागल्याला बरा. तिला कुठं सासरी नांदायचंय?"

मी लेकीच्या पुड्यातलं एक बिस्कुट त्यांच्या हातावर ठिवलं.

लेक बरी झाली, मी कामावर निगाले. शेवंताअक्का शेळी घेऊन बसली. होडी निगाली, फटफट फटफट.

"अवो भाऊ, परवा तर म्हातारी रॉकेटवानी पळाली म्हनं!"

"लेकरासाठी पळाली. आता थकली."

माझी नजर खाली गेली. त्यांच्या उजव्या चपलेलाबी टाच न्हाई. मंगाशी काठावर बघून मला वाटलंच हुतं, आज हे सरळ कसं चालत्यात.

"पार उन्हं डोक्यावर येतील गं बाई," अक्का कुरकुरली.

मी लेकीला मांडीवर घट्ट धरलं आन् म्हनलं, "अक्का, घाई कुनाला हाय? पान्याला हाय का?"

भाऊंनी माझ्याकडं बघितलं न्हाई. नुसतं बंडीचं टोक माझ्या बाजूला जरा सैल सोडलं, धरायला.